गोधडीच्या देशाचा चौथा भाग

मला भेटायला येणारी माणसं दोन प्रश्न हमखास विचारायची. कसं कळलं? आणि आता दुखतं का? दिवसभर पाठीवर पडल्या पडल्या मनात काय चालतं, हे मात्र कुणी विचारलं नाही. माझ्या मनात हेवा चालायचा. रस्त्यावरून चपला फटफटवत जाणाऱ्या बायकांचा, उकिडवं बसून भाजी निवडणाऱ्या शेजारणीचा, आणि सगळ्यात जास्त माझ्या सख्ख्या बहिणीचा, जी माझी सेवा करायला आली होती. असं पडून राहायची वेळ ज्यांच्यावर आली आहे आणि ज्यांना स्वतःच्या मनातलं पाहून स्वतःचीच लाज वाटते आहे, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

कळलं तो दिवस

मी शाळेत भूगोल शिकवते. छावणी भागात, बाजाराच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आम्ही तिघं राहतो. मी, वाळूजच्या एका कंपनीत सुपरवायझर असलेला माझा नवरा संतोष आणि दहा वर्षांची आमची सई.

पाठ उन्हाळ्यापासूनच दुखत होती. स्कूटी आणि खड्डे, दुसरं काय, असं म्हणून मी मलम चोळत राहिले. वजन उतरलं तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्या विचारायला लागल्या, "ज्योती, कुठलं डाएट करतेस गं?" मी तर खूष होते. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, ते दगदगीवर ढकललं. गणपती बसले त्या आठवड्यात फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा काढत होते. कोकण काढून झालं आणि उजवा पाय आपोआप मुडपला. सातवीच्या पोरांसमोर मी खाली बसले. पोरांना वाटलं बाईंचा खडू पडला.

डॉक्टर तरुण होते. फिल्म उजेडासमोर धरून म्हणाले, "मॅडम, मणक्याचा टीबी आहे. बरा होतो. अगदी पूर्ण बरा होतो. पण निदान दीड-दोन महिने पाठीवर पडून राहावं लागेल. गोळ्या वर्षभर, कदाचित थोडं जास्त."

मला फक्त एक शब्द ऐकू आला होता. मी विचारलं, "माझ्या मुलीला झाला असेल का?"

"मणक्याचा असा पसरत नाही. पण छाती एकदा तपासून घेऊ. रिपोर्ट येईपर्यंत मुलीला जरा लांब ठेवा."

बाहेर बाकावर संतोष रिपोर्टचं पाकीट घडी घालत होता, उलगडत होता, परत घडी घालत होता. त्यानं जालन्याला मनीषाला फोन लावला. मनीषा माझी धाकटी बहीण, सईची मनूमावशी. लग्न टिकलं नाही, मूल नाही, जालन्यात एकटी राहते आणि ब्लाउज शिवायचं छोटं दुकान चालवते. फोन स्पीकरवर नव्हता, तरी तिचा आवाज मला ऐकू आला. "दाजी, मी निघालेच. ताईला फोन देऊ नका. मी रडले तर ती बी रडंल."

संध्याकाळी ती आमच्या घरी पोचली. शिलाईचे अर्धे कपडे गिऱ्हाइकांना तसेच परत देऊन आली होती.

कौसाबाईंचा कंगवा

दवाखान्यात मी आठ दिवस होते. पहाटे चहाची गाडी, मग थर्मामीटर, मग फरशी पुसणाऱ्या बाईंचं "पाय वर घ्या, पाय वर घ्या", आणि माझे पाय तर वर घ्यायलाही परवानगी नव्हती. कूस बदलायची तर दोघी जणी लाकडाच्या ओंडक्यासारखं मला एकदम वळवायच्या. पहिल्या गोळीनंतर लघवी केशरी झाली, आणि आपण मरतोय अशी माझी खात्री पटली. सिस्टरनं हसून सांगितलं, "असंच होतं. गोळी पोटात गेली याची पावती समजा."

शेजारच्या खाटेवर कौसाबाई होत्या, फर्दापूरकडच्या. घरी मेंढरं. त्यांचा नवरा दिवसभर खाटेखाली सतरंजीवर बसून असायचा आणि दुपारी खिशातला कंगवा काढून बायकोचे केस विंचरायचा. न बोलता. गाठी सोडवत सोडवत. मी छताकडं बघायचे आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून तो कंगवा बघायचे.

तिसऱ्या दिवशी संतोष ड्यूटी करून आला आणि नेहमीसारखा मोबाईल धरून उभा राहिला. मी एकदम म्हटलं, "अहो, केस तरी विंचरा माझे!"

तो गोंधळला. कंगवा घेऊन असा ओढला की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. कौसाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "ऱ्हाऊ द्या सायेब. तुमच्यानं नाय व्हायचं ते." मग त्यांनी नवऱ्याला खूण केली, आणि त्या माणसानं संतोषला दाखवलं की गाठ खालून कशी सोडवायची. त्या आठ दिवसांत मी हसले ती तेवढीच वेळ.

माझी पुस्तकं

आता पुस्तकांचं सांगायला हवं, कारण भांडण सगळं त्यांच्यावरून आहे.

लहानपणी दर दिवाळीच्या सुट्टीत वडील, आमचे आण्णा, मला एक पुस्तक आणायचे. ते जालन्याला शाळेत क्लार्क होते. दोन प्रकारची पुस्तकं जमली. एक म्हणजे गोधडीच्या देशाचे चार भाग. त्यातली मुलगी आजीच्या गोधडीत शिरते आणि ज्या ठिगळातून डोकं बाहेर काढेल त्या ठिगळाच्या मुलखात निघते. लाल लुगड्याच्या ठिगळात वाळवंट, निळ्या धोतरकाठाच्या ठिगळात समुद्र. दुसरी म्हणजे डोंगरावरच्या लहानशा गावात खानावळ चालवणाऱ्या, गणिताच्या निवृत्त शिक्षिका बाईंच्या रहस्यकथा. त्यांत चोऱ्या होतात, कधी खूनही होतो, पण जेवणाची वेळ कधी चुकत नाही. गुन्हेगार सापडतो तोही बाई आमटी वाढत असताना.

मोठी झाले, नोकरी लागली, लग्न झालं, तरी सवय सुटली नाही. दसऱ्यानंतर सहामाहीचे पेपर तपासून झाले की मी ती पुस्तकं काढते. दुपारचं ऊन अजून चावत असतं, पण सकाळी गच्चीवर दव असतं, बाजारात सीताफळं आलेली असतात. एका हातात सीताफळ, दुसऱ्या हातात पुस्तक, बिया वाटीत. चोर कोण ते मला माहीत असतं, गोधडीची राणी शेवटी काय मागते तेही माहीत असतं. माहीत असतं म्हणूनच वाचते. वर्षभरात तेवढीच एक गोष्ट असते जी ठरल्याप्रमाणे संपते.

यंदा मला वाटलं होतं, चला, दोन महिने पडून राहायचंय तर निदान पोटभर वाचू. पण सपाट पाठीवर पडून पुस्तक तोंडावर धरलं की दोन पानांत हात भरून यायचे. मोबाईलवर ऐकून बघितलं, पण माझी पुस्तकं तिथं नव्हती. म्हणजे माझा आश्विन गेलाच.

भिंतीपलीकडचा आवाज

घरी आले तेव्हा छातीचा रिपोर्ट यायचा होता. मला पुढच्या खोलीत खाट टाकली होती, सई आणि मनू आतल्या खोलीत. सई दारात उभी राहून हात हलवायची आणि शाळेत जायची. पाचव्या दिवशी रिपोर्ट आला. छाती स्वच्छ होती. मी हाक मारली, "सई, ये गं! आता ये!"

ती आली, शहाण्या मुलीसारखी खाटेच्या कडेला बसली, माझ्या हाताला हात लावला. थोड्या वेळानं म्हणाली, "आई, मी जाऊ? मावशी वाचतीये."

पाच दिवसांत मनूनं कपाटातून माझी पुस्तकं काढली होती. शाळेतून आल्यावर रोज दोन-तीन प्रकरणं. आणि वाचायची तरी कशी! गोधडीची राणी पुस्तकात अगदी शुद्ध, भारदस्त बोलते. मनूच्या तोंडी ती जालन्याच्या भाजीबाजारातली बाई झाली होती.

"काय गं पोरी, माझ्या मुलखात आलीस व्हय? इचारलंस का कुणाला? लई शाणी दिसतीस!"

सई हसून हसून उचकी लागेपर्यंत हसायची. मी भिंतीच्या अलीकडं पडून ऐकायचे. पुस्तकात असं नाहीये, मी मनात म्हणायचे. राणी असं बोलत नाही. चुकीचं वाचतेय ती. आणि माझ्या मुलीला तेच खरं वाटणार.

हीच मनू मला सकाळी पुसून काढायची, बेडपॅन द्यायची, गोळ्या मोजून हातावर ठेवायची, माझ्या आवडीची ज्वारीची उकड करून चमच्यानं भरवायची. कधी नाक मुरडलं नाही. त्यामुळं रागवायला जागा नव्हती, आणि जागा नसली की हेवा आत आत कुजतो. सईची वेणी तिच्या हातची. डब्यातली भाजी तिच्या हातची. एकदा सईनं चुकून मनूला "आई" अशी हाक मारली आणि लगेच जीभ चावली. मनूनं चटकन माझ्या खोलीकडं पाहिलं. मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग घेतलं.

त्याच आठवड्यात तिसरा भाग संपत आला होता. मनू गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली होती, सई शाळेत. मी संतोषला म्हटलं, "कपाटातलं ते हिरवं पुस्तक द्या जरा. चौथा भाग." त्यानं दिलं आणि कामावर गेला. मी ते उशीच्या बाजूनं गादीखाली सरकवलं. तेवढ्या हालचालीनं पाठीतून अशी कळ गेली की घाम फुटला. तरी सरकवलं.

संध्याकाळी सई आली. "आई, चौथा भाग कुठंय?"

"अगं, तो नाहीये वाटतं. आमच्या शाळेतल्या देशमुख बाईंनी नेला होता. परत दिला नाही त्यांनी."

सईचा चेहरा पडला. मला बरं वाटलं. हो, बरंच वाटलं. खोटं कशाला लिहू?

देशमुख बाई येतात

दुसऱ्या दिवशी मनू म्हणाली, "मी बघून येते. क्रांती चौकाकडं जुन्या पुस्तकांची दुकानं हायेत ना?" भर दुपारी माझी स्कूटी घेऊन गेली. दोन तासांनी परतली तेव्हा तोंड तांबडंलाल झालं होतं, ओढणी घामानं भिजली होती. पुस्तक मिळालं नव्हतं. एका दुकानदारानं सांगितलं म्हणून ती परत दुसऱ्या दिवशीही गेली. सईला ती म्हणत होती, "मिळंल गं. जाईल कुठं? न्हाईतर आपण देशमुख बाईंना फोन करू."

मी म्हटलं, "नको, त्या चिडतात."

आणि रविवारी देशमुख बाईच आल्या. मला भेटायला, सीताफळांची पिशवी घेऊन. बिचाऱ्या खाटेजवळ बसून शाळेच्या गोष्टी सांगत होत्या. कोणत्या पोरानं फळ्यावर "ज्योती बाई लवकर या" लिहिलंय, माझ्या तासाला कोण जातं. माझे डोळे भरून आले होते. तेवढ्यात सई समोर येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"बाई, तुम्ही माझ्या आईचं पुस्तक कधी देणार?"

"कुठलं पुस्तक, बाळा?"

"गोधडीच्या देशाचा चौथा भाग. तुम्ही नेलाय ना? माझी मावशी दोन दिवस उन्हात फिरली."

देशमुख बाई माझ्याकडं पाहायला लागल्या. मला वाटलं, मणक्याबरोबर जीभही लुळी पडली असती तर बरं झालं असतं. स्वयंपाकघरातून मनू चहाचा ट्रे घेऊन आली आणि हसत म्हणाली, "अगं येडे, ह्या नव्हं. त्या दुसऱ्या देशमुख बाई, बदली झाली ती. घ्या बाई, चहा घ्या. साखर कमी झाली का बघा."

चहा झाला, सीताफळांचं कौतुक झालं, बाई गेल्या. सई खाली खेळायला गेली. मनू माझी चादर बदलायला आली. दर दोन दिवसांनी ती मला एका अंगावर वळवून चादर बदलायची. आज मी तिचा हात धरला.

"मने, थांब. गादीखाली..."

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली.

"काय?"

"चादर मीच बदलते ना ताई. दुसऱ्याच दिवशी दिसलं."

"मग उन्हात कशाला गेलीस?"

"सई इचारत होती ना सारखी. मी नुसती बसले असते तर तिनं घरात शोधलं असतं. तुझ्या गादीखाली सापडलं असतं तर काय वाटलं असतं तिला तुझ्याबद्दल?" चादरीची घडी छातीशी धरून ती उभी होती. मग खाली बसली. "आणि खरं सांगू का? मला राग बी आला होता. वाटलं, बाहेर जाऊन यावं जरा."

मी रडायला लागले. पाठीवर पडून रडलं की पाणी कानात जातं. मनूनं ओढणीच्या टोकानं कान पुसले आणि बोलत राहिली. तिनं हे सगळं कधीपासून साठवलं होतं कोण जाणे.

"लहानपणी तू मला ही पुस्तकं शिवू देत नव्हतीस. हात धुऊन आले तरी नाय. आण्णा तुझ्यासाठीच आणायचे, कारण तू हुशार. मी तुझी ट्यूशन असायची तेव्हा चोरून वाचायचे. एका तासात जेवढी होतील तेवढी पानं. मला तोंडपाठ हायेत. तुला वाटतं मी राणीचं चुकीचं वाचते, तोंडावर दिसतं तुझ्या. पुस्तक न बघता वाचते मी."

"मला माहीत नव्हतं गं."

"आणि एक सांगते, रागावू नकोस. दाजींचा फोन आला तेव्हा मी आधी रडले. मग पिशवी भरताना मनात आलं, आता थोडे दिवस सई माझ्याजवळ असंल." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "असं मनात येतं का गं कुणाच्या? बहीण आजारी पडली आणि..."

"येतं," मी म्हटलं. "माझ्या मनात काय काय येतं ते तुला सांगितलं तर तू आत्ता जालन्याला निघून जाशील."

ती हसली. मग आम्ही दोघी हसलो. मला हसताना दुखत होतं, म्हणून ती "हसू नको, हसू नको" म्हणत आणखी हसत होती.

चौथा भाग

सईला मी स्वतः सांगितलं. पुस्तक मीच लपवलं होतं, आणि का ते. "मोठ्या माणसांना पण असं होतं?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. "मग देशमुख बाईंना सॉरी म्हणायला पाहिजे," ती म्हणाली. मी फोनवरून म्हटलं. देशमुख बाई इतक्या हसल्या की मला त्यांचा पुन्हा थोडा राग आला.

चौथा भाग मी वाचायचा असं ठरलं. सई माझ्या शेजारी आडवी झाली, पुस्तक तिनं आमच्या दोघींच्या तोंडावर धरलं, पानं तीच उलटायची. मी वाचत होते, अगदी पुस्तकात आहे तसं. राणी आली. मी भारदस्त आवाज काढला.

सई म्हणाली, "आई, मावशी काढते तसा काढ ना."

पुन्हा तोच हेवा टोचला. तो एका दिवसात जात नाही, हे इथं लिहूनच ठेवते. मग मी स्वयंपाकघराकडं हाक मारली, "मने, ये गं. तुझी राणी आलीये."

मनू पीठ माखलेल्या हातांनी दारात आली, चौकटीला टेकली आणि पुस्तक न बघता सुरू झाली. "आलीस का परत? मला वाटलं, इसरलीस!" राणी तिची, बाकीचे सगळे माझे, असा तो भाग आम्ही कोजागिरीच्या आसपास संपवला. रहस्यकथा मग सई एकटीच वाचायला लागली आणि चोर कोण हे आम्हाला दोघींनाही सांगू देईना.

उतरणं आणि चढणं

दिवाळीच्या आठ दिवस आधी डॉक्टरांनी मला पट्टा बांधून उभं केलं. दीड महिन्यानं जमीन तळपायाला लागली तेव्हा ती इतकी लांब आहे हे मला नव्यानंच कळलं. एका बाजूनं संतोष, दुसऱ्या बाजूनं मनू. पहिल्या दिवशी खाटेपासून दारापर्यंत. मग गॅलरीपर्यंत. दिवाळीत मी रांगोळीजवळ खुर्ची टाकून बसले आणि रंग कुठला भरायचा ते सांगत राहिले.

भाऊबीज झाल्यावर मनू निघणार होती. लग्नसराई तोंडावर आली होती आणि जालन्यातली गिऱ्हाइकं फोन करत होती. सकाळी सई माझ्याजवळ आली. सुट्टी अजून आठ दिवस होती.

"आई, मी मावशीबरोबर जाऊ?"

मला नाही म्हणायचं होतं. मी आत्ता कुठं उभी राहिले होते, आत्ता कुठं तिची वेणी घालायला माझे हात मोकळे झाले होते. मी स्वयंपाकघराकडं पाहिलं. मनू पाठमोरी उभी होती, नळ बंद करून. ती ऐकत होती आणि वळत नव्हती.

"जा," मी म्हटलं. "स्वेटर घे. जालन्यात सकाळी गार असतं."

निरोप द्यायला मी खाली उतरले. संतोषचा खांदा धरून, एकेक पायरी. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी व्हरांड्यात खुर्ची टाकली. मी तिथं बसून राहायचं आणि संतोष दोघींना बसस्टँडवर सोडून आला की मला वर न्यायचं, असं ठरलं होतं. रिक्षा निघाली. सईनं मागं वळून हात केला, मग मावशीच्या कानात काहीतरी सांगायला लागली.

काकू भाजी घ्यायला गेल्या. गल्ली रिकामी होती. मी थोडा वेळ बसले, मग उठले. कठडा धरला आणि चढायला लागले. एक पाय, मग दुसरा त्याच्याजवळ. पहिल्या मजल्यावर पाय थरथरले तेव्हा भिंतीला टेकून उभी राहिले. खाली परत जावं असं एकदा वाटलं, पण उतरणं जास्त अवघड होतं. दुसऱ्या मजल्यावर आमच्या दारापाशी पोचले तेव्हा पट्ट्याखाली पाठ भिजून गेली होती. हे डॉक्टरांना न विचारता केलं, त्याबद्दल नंतर बोलणी खाल्ली, आणि तुम्ही करू नका हेही सांगते.

आत येऊन मी फोन घेतला. संतोषला लावायचा होता, पण बोट मनूच्या नावावर गेलं. मागं बसचा घरघराट होता.

"काय गं ताई? काय झालं?"

"काही नाही. जिना चढले."

"कुणाला धरून?"

"कुणालाच नाही. एकटी."

फोन कटला की काय म्हणून मी "हॅलो" म्हटलं.

"मी निघायची वाटच बघत होतीस व्हय?" ती म्हणाली. आवाजात राग होता, अगदी खरा राग. "दोन महिने मी वळवलं तुला, उठवलं, धरून चालवलं. आणि चढलीस तेव्हा बघायला मी नाय."

तो आवाज मला चांगला ओळखीचा होता. मी खुर्चीवर हळूच टेकले.

"सईला सोडायला येशील ना, तेव्हा आधी खालून हाक मार," मी म्हटलं. "मी उतरून येते. मग तुझ्यासमोर परत चढते."

"हात बी लावणार नाय मी," मनू म्हणाली. "नुसती मागं उभी ऱ्हाईन."